सरासरेबाईंची धाकटी

प्रिय ठमे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी कपाळाला हात लावशील, मग ते न फोडता खिडकीत ठेवशील, आणि जावईबापू वेधशाळेतून आले की त्यांना फोडायला सांगशील. मला सगळं माहीत आहे. फोन तू उचलत नाहीस, निरोपांना उत्तर देत नाहीस, तेव्हा हाताने लिहिण्यावाचून इलाज उरला नाही. झालेलं भांडण मी उगाळत बसणार नाही. पण ‘आई, तुझ्या अहवालात मी कितवा हिस्सा आहे?’ असं विचारून तू फोन ठेवलास, ते वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही. तुला आठवा लागलाय. तुझ्या डोंगरावरचं चार खाटांचं प्रसूतिगृह बंद करायचं घाटत होतं, ते बंद करा असं सुचवणाऱ्या समितीची अध्यक्ष तुझी आई, आणि तू काही झालं तरी खाली माझ्याकडे यायला तयार नाहीस, कारण तिथल्या बाकीच्या बायकांना खाली आई नाही. हे सगळं मला पाठ आहे. काल सभागृहात मतदान झालं, ते तू रेडिओवर ऐकलं असशील. जे रेडिओवर आलं नाही ते मला सांगायचंय. वाचून म्हणशील, म्हातारी भ्रमिष्ट झाली. खुशाल म्हण, पण शेवटपर्यंत वाच.

सरासरे तुला नव्याने सांगायला नकोत, तू त्यांच्यातच वाढलीस. तरी सुरुवात तिथूनच केली पाहिजे. मी कॉलेजात शिकवायला लागले तेव्हा माझा तास नेमका दुपारी जेवणानंतर असायचा. ‘सरासरी कुटुंब’ हे दोन शब्द उच्चारले की मागच्या बाकावर माना पडायला लागायच्या. एकदा वैतागून मी फळ्यावर एक घर काढलं, घरात चार काड्यांची माणसं काढली आणि म्हटलं, हे सरासरे. श्रीयुत सरासरे, सरासरेबाई, थोरला आणि धाकटी. सरासरी कमावतात, सरासरी खातात, सरासरी आजारी पडतात, आणि तुम्ही माझ्या तासाला झोपलात की बिचारे सरासरी मार्कांनी नापास होतात. वर्ग हसला आणि जागा झाला. तेव्हापासून मी त्या कुटुंबाच्या जिवावर जगले म्हटलंस तरी चालेल. त्यांच्यावर माझं पाठ्यपुस्तक निघालं, त्यातली चित्रं तुझ्या बाबांनी काढली. बाईंच्या खांद्याला पर्स, थोरल्याच्या गुडघ्याला पट्टी, आणि त्याचा हात धरून रिबीन बांधलेली धाकटी, ठिपक्यांच्या फ्रॉकमध्ये.

मग दर आवृत्तीला आकडे बदलायला लागले. लोकांना मुलं कमी होत होती, त्यात माझा काय दोष? दोनाची पावणेदोन झाली, पुढे दीडाच्या आसपास आली. प्रकाशक म्हणाले, चित्र मजकुराशी जुळायला हवं. तुझे बाबा असे चिडले की ज्याचं नाव ते. ‘मी अर्धं मूल काढणार नाही, मी चित्रकार आहे, खाटीक नाही,’ म्हणाले. शेवटी तोड निघाली, धाकटी तुटक रेषांनी काढायची. दर आवृत्तीला रेषा थोड्या लांब लांब होत गेल्या. तू तेव्हा पहिली-दुसरीत असशील. ते चित्र उलटसुलट करून बघितलंस आणि विचारलंस, ‘अर्धं मूल उभं की आडवं?’ आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. तू मात्र हसली नव्हतीस.

पुस्तकामागून वर्तमानपत्रातलं सदर आलं, सदरामागून टीव्ही, आणि टीव्हीमागून एक दिवस पक्षाध्यक्ष घरी आले. बाबांच्या रंग लागलेल्या स्टुलावर बसून त्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. ‘बाई, तुम्ही सरासरी माणसाला ओळखता. आम्ही नुसती त्याच्याकडे मतं मागतो.’ मी चढले. कुणाला आवडत नाही? इतकी वर्षं मी प्रातिनिधिक माणसाविषयी बोलत होते, आता मीच लोकप्रतिनिधी होणार, ही कोटी मी स्वतःच तीन सभांमध्ये केली आणि स्वतःच हसले. प्रचाराच्या फलकांवर सरासरे कुटुंब झळकलं. त्यात धाकटी नव्हती. तुटक रेषा लांबून दिसत नाहीत, असं फलक रंगवणारा म्हणाला, आणि मला ते पटलं.

निवडून आल्यावर मी चष्म्याच्या दुकानावर पहिल्या मजल्याची जागा ऑफिससाठी घेतली, तू पाहिली आहेस. अरुंद लाकडी जिना, वर दोन बाकं, आतल्या खोलीत माझं टेबल आणि दाराशी आमचे पीए. हे पीए पूर्वी पोस्टमास्तर होते. एकदा पाहिलेला चेहरा आपण विसरत नाही याचा त्यांना भारी माज. शनिवारी लोक भेटायला येतात. कुणाचं गटार तुंबलेलं, कुणाची पेन्शन अडकलेली, कुणाच्या दारातला दिवा लागत नाही. अशाच एका शनिवारी सगळे गेल्यावर एक बाई आत आल्या. उंच नाहीत, बुटक्या नाहीत. वय विचारलंस तर मधलं. बरोबर एक मुलगा आणि त्याच्या मागे एक मुलगी. ‘धाकटीचं तेवढं बघा,’ एवढंच म्हणाल्या. मला वाटलं शाळाप्रवेशाचं काम असेल. नाव लिहून घ्यायला पेन शोधलं, मान वर केली, आणि मुलीकडे पाहिलं. ती खिडकीसमोर उभी होती. तिच्या फ्रॉकवरचे ठिपके मला नीट दिसत होते, ठमे, आणि ठिपक्यांच्या मधल्या जागेतून मागचे खिडकीचे गज दिसत होते.

मी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला तोवर तिघं जिना उतरत होती. पीएंना विचारलं, कोण होत्या या? म्हणाले, ‘नेहमीच्याच, बाई.’ नेहमीच्या म्हणजे कोण? त्यांना चेहरा आठवेना. बिचाऱ्यांचा दिवस वाईट गेला. मी खाली जाऊन डोळ्यांचा नंबर तपासून घेतला. नंबर बदललेला नव्हता, तरी नवी काच बसवून घेतली.

पुढच्या खेपेला त्या आल्या हे मला आधी जिन्यावरून कळलं. बाईंची पावलं, मुलाची पावलं, आणि त्यांच्या मध्ये एक हलकं पाऊल, जे दर पायरीला वाजत नव्हतं. एका पायरीवर वाजायचं, दुसरीवर नाही. मुलगा मध्येच थांबत होता, लहान भावंड दमलं की थांबतात तसा. दोघं आत आली. मी विचारलं, धाकटी कुठाय? ‘ही काय,’ असं म्हणून बाईंनी मुलाच्या हाताकडे बोट दाखवलं. त्याची मूठ मिटलेली होती, पण पुरती नाही. आत पोकळी होती. एखाद्या लहान मुलीची दोन बोटं राहतील एवढीच. मी काय केलं असेल? पुढच्या आठवड्यात या, म्हटलं. खासदाराची जीभ, तिला दुसरं काही येत नाही. पीएंनी मागाहून ट्रे उचलला तेव्हा एक ग्लास अर्धा रिकामा होता, आणि पाणी दोघांपैकी कुणी प्यायलं नव्हतं हे मी शपथेवर सांगते.

त्यानंतर आमच्या समितीचा अहवाल बाहेर आला. तू वाचलास, म्हणूनच तर भांडलीस. डोंगरावरची छोटी प्रसूतिगृहं मिटवायची, सगळा पैसा आणि डॉक्टर खालच्या मोठ्या रुग्णालयात आणायचे. एक ऐक, मला पश्चात्ताप झालाय असं समजू नकोस. मोठ्या रुग्णालयात एकूण जास्त बाळं वाचतील हे खरं होतं आणि आजही खरं आहे. सरासरीला शिव्या घालणं सोपं असतं. तिच्यामुळे जे वाचतात त्यांना आपण वाचलो हे कधी कळतसुद्धा नाही. पण रस्ता लांबला की वाटेत काही बाळं जातात, तेही आम्ही मांडलं होतं. तुझ्या डोंगरासाठी ते वर्षाला शून्य पूर्णांक चार निघालं. अर्धा किंवा त्याहून जास्त असेल तर एक धरायचा आणि अर्ध्याच्या खाली असेल तर सोडून द्यायचं, हे आपण शाळेत शिकतो. तक्त्यात शून्य छापलं गेलं. खाली एक ओळ हवी होती, ती मी स्वतः लिहिली. ‘वाढीव हानी नगण्य.’

त्या शनिवारी बाई आल्या आणि पहिल्यांदा नीट बोलल्या. आवाजात राग नव्हता, तेच फार वाईट. ‘दर आवृत्तीला ती थोडी थोडी जाते, बाई. आम्ही कधी काही म्हटलं नाही. तुम्ही अभ्यास करूनच करत असणार. पण इतके दिवस ती अर्ध्याच्या वर होती. तुम्ही तिला एक धरत होता. आता धरणार नाही ना?’ थोरला शेजारी उभा होता. त्याने मूठ छातीशी घट्ट धरली होती, कुणी तरी काढून घेईल अशी. माझी पाचावर धारण बसली. मी त्यांना सरासरी म्हणजे काय ते समजावायला लागले! सरासरेबाईंना! त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पर्स खांद्याला लावली आणि निघाल्या. दाराशी वळून म्हणाल्या, ‘तुमच्याकडे कुणी येणार आहे म्हणतात.’ तुझ्या दिवसांविषयी मी त्यांना काय, पीएंनासुद्धा सांगितलं नव्हतं.

घरी येऊन मी तो शब्द कागदावर लिहून पाहत बसले. नगण्य. न गण्य. ज्याची गणना करायची नाही असं. आयुष्यभर मोजण्याचा धंदा केला, लहानातलं लहान मोजलं, मातीच्या भांड्यांपासून केस कापण्यापर्यंत सगळ्याचे भाव मोजले; आणि इथे मोजायचं नाही हे मीच ठरवून मोकळी झाले होते. छोटं आहे असं म्हणणं वेगळं, ठमे. छोटं असेल तर छोटं म्हणावं. नाहीच असं म्हणायचं मला कुणी सांगितलं होतं?

मी पक्षाध्यक्षांकडे गेले. म्हटलं, अहवालावरून निघालेल्या विधेयकात एक दुरुस्ती घाला. घाटरस्ता बारमाही होईपर्यंत वरची प्रसूतिगृहं चालू राहू द्या. त्यांनी चेहऱ्याची इस्त्री मोडू दिली नाही. ‘बाई, हे विधेयक तुमचंच अपत्य आहे. आता तुम्हीच त्याचं नाक दाबताय?’ वर पक्षादेश हातात ठेवला. विरोधात मत दिलंत तर पक्षातून बाहेर. मी तो घेऊन पर्समध्ये टाकला आणि काल सभागृहात जाऊन बसले.

आमचं सभागृह तू टीव्हीवर पाहतेस, पण तिथली शांतता टीव्हीवर येत नाही. जाड गालिचा, पावलं वाजत नाहीत, माइकचे लाल दिवे लागतात आणि विझतात. मला दोन मिनिटं मिळाली. तक्त्यातलं शून्य चुकीचं आहे, ते मीच घातलंय, तिथे शून्य नाही, कुणीतरी आहे, असं मी म्हणाले. माझ्याच बाकांवरून हशा पिकला. बसताना वर पाहिलं तर प्रेक्षकांच्या सज्जात बाई आणि थोरला बसलेले, आणि दोघांच्या मध्ये एक खुर्ची रिकामी. सज्जा भरला होता. शिपाई लोकांना सरकून बसायला सांगत येत होता. त्या खुर्चीपाशी आला, कुणाला तरी तिथे बसवायला हात पुढे केला, आणि का कोण जाणे, हात मागे घेऊन, ‘माफ करा’ असं पुटपुटून पुढे गेला. तो कुणाची माफी मागत होता ते त्याला तरी ठाऊक होतं का, देव जाणे.

मग सभागृहाच्या अध्यक्षांनी आवाजी मतदान पुकारलं. बाजूने असतील त्यांनी होय म्हणावं. छत खाली येईल असा ‘होय’ झाला. विरोधात असतील त्यांनी नाही म्हणावं. विरोधी बाकांवरून थोडेसे ‘नाही’ आले. मी उभी राहून ‘नाही’ म्हणाले, जरा उशिराच, सगळे थांबल्यावर. आणि माझ्यामागून, अगदी कानाशी, एक बारीक आवाज म्हणाला, ‘ना...’ पुरता शब्दसुद्धा नव्हता तो, शब्दाचा पुढचा भाग तेवढा. भास म्हणून मी सोडून दिलं असतं. पण अध्यक्षांनी मान वर केली, सज्जाकडे पाहिलं आणि बजावलं, ‘मुलांना आत आणू नये, नियम आहे.’ म्हणजे मी एकटीनेच ऐकलं नाही. विधेयक मंजूर झालं. आम्ही नाही म्हणणारे बोटांवर मोजण्याइतके होतो. माझी हकालपट्टी चहाच्या आत झाली. तुमचं प्रसूतिगृह महिनाअखेर बंद होणार, ते मला थांबवता आलं नाही. राग धर, तुझा हक्क आहे. मलाही फार राग येतोय आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

आज सकाळी ऑफिस आवरायला गेले होते. आवरायचं काय, पाटी तेवढी काढायची. जिन्यावर पावलं वाजली. धडाधड, दोन-दोन पायऱ्या ओलांडत, आणि मागून बाईंची. आणखी कुणाची नाहीत. थोरला आत आला, दोन्ही हात खिशात. इतकं मोकळं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. मी विचारलं, ती कुठाय? बाई हसल्या. ‘वर सोडून आलो. तुमच्या मुलीकडे. तिथे तिला जागा आहे.’ मी दाराशी धावले तोवर दोघं रस्त्यावर पोचली होती, गर्दीत मिसळली होती. पीए जिन्याच्या तोंडाशी उभे होते. म्हणाले, ‘बाई, आज आठवला चेहरा. डाव्या भुवईवर तीळ आहे त्यांच्या, आणि हसताना एक दात पुढे येतो.’ आनंदाने सांगत होते बिचारे. एकच मूल असलेली एक बाई, आता ती कुणाचीही सरासरी नव्हती.

आता हे पत्र का, ते सांगते. जावईबापूंवर रागावू नकोस, ते तुझ्या पाठीमागे मला रोज फोन करतात. आम्ही दोघंही भाकितांचा धंदा केलेली माणसं, दोघांचीही चुकतात, त्यामुळे आमचं जमतं. आज दुपारी ते हसत हसत म्हणाले की कालपासून तुमची सुईण चक्रावली आहे. पोटाला कान लावला की एक ठोका नीट ऐकू येतो, आणि त्याच्या मागे एक हलका, मध्येच वाजतो, मध्येच नाही. यंत्रात एकच बाळ दिसतं. तिने विचारलं, काय लिहू? तुम्ही दोघं म्हणालात, एकच लिहा, बाकीचं काही नाही. ठमे, ‘काही नाही’ म्हणू नकोस गं. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू. तिला आत घेतल्याने तुझ्या बाळाचं काय होईल हे मला कुठल्याही गणिताने काढता येत नाही. पण ती कुठून कुठवर आली आहे ते मला माहीत आहे, आणि तिला आता पुन्हा कुणी सोडून दिलं तर जायला दुसरीकडे जागा नाही. म्हणून खाली ये. बाकीच्या बायकांचं काय, हा तुझा प्रश्न होता ना? बाबांची चित्रांची खोली मी रिकामी केली, माझी अभ्यासिका रिकामी केली, खाटा आणायला माणूस गेलाय. ज्यांचे दिवस भरत आलेत त्या सगळ्यांना घेऊन ये, त्यांच्या सासवा-नवऱ्यांसकट ये. माझ्या घरापासून रुग्णालय चालत जाण्यासारखं आहे, आणि पक्षाने काढून टाकल्यापासून मला दुसरं काही कामही नाही. सुईणीला आणलंस तर उत्तम. जावईबापू म्हणतात घाट आणखी चार-पाच दिवस उघडा राहील, म्हणजे तू दोनच धर. हे पत्र पीएंच्या हाती आजच पाठवतेय; परवा मोठी गाडी वर येईल. तू मागच्या सीटवर खिडकीशी बस आणि तुझ्या शेजारी एक जागा मोकळी ठेव. अर्धी पुरेल असं कुणीही म्हणालं, तरी पूर्ण ठेव.

तुझीच,
आई